केमो संपली, पण डोकं जागेवर येईना

मागच्या अंकात केमोनंतरच्या थकव्यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की विसरायला होत असेल तर तेही कळवा. त्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, जळगाव, रावेर, नंदुरबार, धुळे, भुसावळ, सगळीकडून. काहींनी तर पत्राच्या शेवटी परत तेच लिहिलंय जे सुरुवातीला लिहिलं होतं आणि मग स्वतःच खाली 'हे वर लिहिलंय वाटतं' अशी टीप दिलीय. पाच पत्रं घेतोय, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. वय ४४. जळगावला एका सराफाच्या पेढीवर बिलं आणि हिशोब बघते, १७ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग लाल औषधाच्या चार केमो, नंतर दर आठवड्याच्या बारा, मग शेक (रेडिएशन). सगळं संपून १४ महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. केस आले, वजन आलं, डोकं काही परत आलं नाही. पूर्वी गिऱ्हाईकाने मोड काढली की मोडीचं वजन, घट, नवीन दागिन्याचं वजन, घडणावळ हे सगळं तोंडी धरून मी कॅल्क्युलेटरच्या आधी आकडा सांगायचे, आता घट लिहीपर्यंत वजन डोक्यातून उडालेलं असतं, आणि मधेच कुणी 'ताई पावतीबुक कुठंय' विचारलं की संपलंच. मागच्या महिन्यात एका बिलात घडणावळ लावायचीच राहिली. शेठ काही बोलले नाहीत पण तेव्हापासून एक नवीन मुलगा माझी बिलं तपासतो, त्याला मीच शिकवलं होतं. घरी शब्द सापडत नाहीत, परवा 'ती दे गं ती, खरडायची' म्हणत राहिले, शेवटी मुलीने किसणी हातात दिली. रात्री तीन-चार वेळा घामाने जाग येते. नवरा म्हणतो बरी झालीस ना आता, थोडं मनावर घे. फॉलोअपला विचारलं तर म्हणे टेन्शन घेऊ नका, वय होतंय. ४४ ला? मला वेड तर लागणार नाही ना?

उत्तर : ताई, पहिले शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही. तुम्ही जे लिहिलंय ते वेड लागण्याचं लक्षण नाही आणि नाटक तर अजिबातच नाही.

याला पेशंट लोक केमो ब्रेन म्हणतात. नाव पेशंटनीच पाडलं, कारण आम्ही डॉक्टर बरीच वर्षं हे मानायलाच तयार नव्हतो, आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही आणि पेशंटने सांगितलं की आम्ही टेन्शन, वय, झोप असं काहीतरी म्हणून पुढचा नंबर बोलवायचो. मीही केलंय हे, लपवत नाही. नंतर मोजमाप व्हायला लागलं. २०१७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ब्रेस्टच्या कॅन्सरच्या ५८१ पेशंट आणि त्यांच्याच वयाच्या पण कॅन्सर नसलेल्या ३६४ बायका. केमोच्या आधी विचारलं, केमो संपल्यावर सहा महिन्यांनी परत तेच विचारलं. पेशंटपैकी ३६.५ टक्के जणींनी सांगितलं की आमचं डोकं आधीपेक्षा मंद चालतंय, आणि कॅन्सर नसलेल्या बायकांमध्ये हे प्रमाण १३.६ टक्के निघालं. म्हणजे वयाने, कामाच्या ताणाने थोडं होतंच, पण केमोवाल्यांमध्ये ते अडीच पटीच्या वर आहे. तुमच्या फॉलोअपच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी हे सांगा, जरा गोडीने सांगा.

आता हे नेमकं होतं काय. माझी मोठी बहीण यावलला असते, तिची केमो होऊन बरीच वर्षं झाली. केमो संपल्यावरच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो, अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, सोलली, मिरच्या-लसूण ठेचून झाला, आणि ती पातेल्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. चाळीस वर्षं भरीत करणारी बाई. मला म्हणे, "पुढं काय रे टाकतेत?" मला हसू आलं, मग तिचा चेहरा बघून हसू गेलं. मी काही बोललो नाही, कांद्याच्या पातीची जुडी फक्त तिच्यासमोर सरकवली. ती दिसल्याबरोबर पात चिरली, दाणे टाकले, कोथिंबीर, फोडणी, सगळं हाताने आपोआप झालं, मीठसुद्धा बरोबर.

हाच फरक आहे ताई. भरीत तिच्या डोक्यातून पुसलं गेलं नव्हतं, ते काढायला वेळ लागत होता आणि समोर खूण दिसली की लगेच सापडत होतं. तुमच्या पेढीच्या भाषेत सांगायचं तर तिजोरीतला माल जागेवर आहे, काउंटरवरचा ट्रे तेवढा लहान झालाय. पूर्वी त्या ट्रेवर चार-पाच आकडे एकदम बसायचे, आता दोन बसतात, तिसरा ठेवला की पहिला खाली पडतो. आणि मधे कुणी पावतीबुक विचारलं की अख्खा ट्रेच हलतो.

कशामुळे होतं याचं एकच कारण सांगता येत नाही आणि 'केमो ब्रेन' हे नावही थोडं फसवं आहे, कारण काही पेशंटमध्ये केमोचा पहिला डोस जायच्या आधीच तपासणीत फरक दिसतो. आजारामुळे शरीरात सूज आणणारी द्रव्यं वाढतात, केमोने आणखी वाढतात, त्यांचा मेंदूवर परिणाम होतो. मग रक्त कमी होणं, भीती, स्टिरॉइड. आणि तुमच्या बाबतीत मला दोन गोष्टी जास्त मोठ्या वाटतायत. केमोने पाळी बऱ्याचदा एकदम जाते, हळूहळू नाही, एकदम, वर टॅमॉक्सिफेन. म्हणून त्या रात्रीच्या घामाच्या लाटा, आणि म्हणून झोपेचे तुकडे. रात्री तीन-चार वेळा उठणाऱ्या चांगल्या धडधाकट बाईलाही सकाळी मोडीचा हिशोब जमणार नाही. पण म्हणून टॅमॉक्सिफेन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही हां, हे मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होतो. ती गोळी कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहे. घामाच्या लाटांवर वेगळी औषधं मिळतात, ती मागा. आणि झोप किंवा उदासीसाठी कुणी गोळी लिहून दिली तर त्यांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं नक्की सांगा, कारण फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिनसारख्या काही गोळ्या शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. व्हेनलाफॅक्सिन नावाच्या गोळीने तसं सहसा होत नाही आणि घामही कमी होतो. चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त आठवण करून द्या.

रक्त एकदा तपासून घ्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, शुगर, सोडियम, कॅल्शियम. सगळं केमोच्या माथी मारून मोकळं व्हायचं नाही, एखाद्याचा थायरॉइडच बिघडलेला निघतो आणि एका गोळीने निम्मं काम होतं. आणखी एक, सर्दीच्या साध्या गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन नावाचं औषध असतं, त्याने डोकं जड राहतं, मेडिकलवाल्याकडून परस्पर घेत असाल तर थांबवा.

पेढीवरचं बोलतो. बिलाच्या आकाराची एक स्लिप छापून घ्या, पाच रकाने, मोडीचं वजन, घट, नवीन वजन, घडणावळ, जीएसटी. गिऱ्हाईक बोलेल तसा आकडा रकान्यात, डोक्यात नाही. एक रकाना रिकामा दिसला की बिल फाडायचं नाही, मग घडणावळ राहून जाणं शक्यच नाही. स्लिप भरत असताना कुणी हाक मारली तर मान न वळवता हात वर करायचा, "थांब, एवढं होऊ दे". मोठी बिलं सकाळी घ्या, दुपारी चारनंतर डोकं सगळ्यात आधी थकतं. आणि शेठना सांगून टाका, त्यांनी ओरडायच्या ऐवजी तपासायला माणूस दिला म्हणजे माणूस बरा दिसतोय. धनत्रयोदशीच्या गर्दीत सांगायला जाल तर ऐकायला वेळ नसेल, त्याच्या आधी सांगा. त्या मुलाने बिलं तपासणं मनाला लागलंय ते कळतं. पण बँकेतही एकाची एन्ट्री दुसरा तपासतो, त्याला कुणी अपमान म्हणत नाही.

आणि चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा दम लागेल असं, मेहरूण तलावाला दोन चकरा मारल्या तरी चालेल. आतापर्यंत जे जे करून पाहिलं गेलंय त्यात मला सगळ्यात जास्त भरवसा चालण्यावर आणि झोपेवर वाटतो, गोळ्यांवर नाही.

किती दिवस? बऱ्याच जणींना सहा महिने ते वर्षात फरक पडायला लागतो, काहींना जास्त लागतो. खोटा दिलासा देत नाही, नेदरलँड्सचा २०१२ चा एक अभ्यास आहे ज्यात केमो होऊन साधारण वीस वर्षं झालेल्या बायकांची चाचणी घेतली, तिथेही शब्द आठवणं आणि वेग यात थोडा फरक सापडला. थोडा. त्या बायका वीस वर्षं संसार, नोकऱ्या करतच होत्या. माझी बहीण आता भरीत करते तेव्हा कांद्याची पात आधी समोर मांडते आणि मग वांगी सोलायला घेते, बस.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर. आतड्याच्या कॅन्सरची केमो झाली, तेव्हापासून नावं आठवत नाहीत. मुलाने मोबाईलमध्ये मेंदूच्या व्यायामाचे गेम टाकून दिलेत, शेजारचे ब्राह्मी आणि बदाम सांगतात. काय करू?

उत्तर : बदाम खा, चांगलेच असतात, पण त्याने गेलेली नावं परत येतील असा हिशोब धरू नका. ब्राह्मीच्या गोळ्या घेणार असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना डबी दाखवून घ्या, जिंको नावाच्या परदेशी गोळ्या कुणी आणून दिल्या तर रक्त पातळ करायच्या औषधासोबत त्या नकोतच. गेमचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात २४२ पेशंटवर प्रयोग झाला, केमो झालेले, घरी बसून कॉम्प्युटरवर १५ आठवडे सराव. तक्रारी कमी झाल्या, लोकांना स्वतःला बरं वाटलं, पण परीक्षा घेतली तर मार्क काही वाढले नाहीत. मला विचाराल तर रोज संध्याकाळी चार मित्रांत बसून पत्ते खेळा, पानं लक्षात ठेवावी लागतात आणि शिव्याही मिळतात.

प्रश्न : रामराम डॉक्टर. रावेर तालुक्यात केळी आहे माझी, वय ६१. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, निघाला होता, सहा केमो झाल्या, आठ महिने झाले संपून. शुगर बारा वर्षांपासून, मेटफॉर्मिन घेतो. माळकरी आहे. रात्री थ्री फेज लाईट आली की मोटर चालू करून व्हॉल्व्ह फिरवत जातो, तर गेल्या पंधरवड्यात दोनदा तिसऱ्या प्लॉटचा व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला, सकाळी बागेत डबकं. मजुराचे पैसे दिले का नाही तेही आठवत नाही. तळपायाला मुंग्या येतात. माझ्या वडिलांना शेवटी घरचं माणूस ओळखू येत नव्हतं, मलाही तेच लागलं का? पोरगा म्हणतो डोक्याचा एमआरआय करू.

उत्तर : रामराम नाना. तुमचं पत्र वाचून माझं लक्ष विसरण्याच्या आधी मुंग्यांवर आणि माळेवर गेलं.

माळकरी म्हणजे मांस-अंडी नाही, आणि मेटफॉर्मिन बारा वर्षं. बी १२ हे जीवनसत्त्व मिळतं मुख्यतः मांस, अंडी, दुधातून, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की जे थोडंफार पोटात जातं तेही नीट शोषलं जात नाही. बी १२ कमी झालं की पायाला मुंग्या येतात आणि माणूस विसरायला लागतो, दोन्ही. आता लिम्फोमाच्या केमोत बहुतेक वेळा व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध असतं, त्यानेही मुंग्या येतात, म्हणून सगळे म्हणतात केमोचंच आहे आणि बी १२ कुणी तपासत नाही. एमआरआयच्या आधी ही तपासणी करा, एमआरआयच्या मानाने किरकोळ खर्च आहे. कमी निघालं तर इंजेक्शनं असतात. सोबत थायरॉइड, सोडियम आणि तीन महिन्यांची शुगर.

वडिलांच्या आजाराबद्दल. तुम्हाला डबकं दिसल्याबरोबर कळलं की व्हॉल्व्ह राहिला, किती वेळा राहिला तेही मोजून लिहिलंय, कोणत्या प्लॉटचा तेही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृती जात राहण्याच्या आजारात, बहुतेक वेळा उलटं असतं, माणसाला आपण विसरतोय याचाच पत्ता नसतो आणि काळजी घरचे करतात. तिथे ते महिन्यामहिन्याने वाढत जातं, केमोनंतरचं बहुतेकांचं एका जागी थांबतं किंवा कमी होतं. पण जर उद्या सावद्याहून घरी यायचा रोजचा रस्ता चुकला, किंवा पैसे कसे मोजायचे तेच सुचेना, तर मग तपासायला हवं.

एमआरआयसाठी थांबायचंच नाही अशीही वेळ असते, ती पोराला वाचून दाखवा. सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून उलटी होणं, झटका येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दोन-चार दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखं वागणं. यातलं काही झालं तर विसरभोळेपणा म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि कॅन्सरची फाईल बरोबर.

व्हॉल्व्हचं सोपं आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला ऑइल पेंटने नंबर टाका, आणि खिशात चार किल्ल्या... नाही, त्याच हरवतील. असं करा, लाल चिंध्या घ्या, व्हॉल्व्ह उघडला की त्याची चिंधी सोडून गळ्यात अडकवायची, बंद केला की परत बांधायची. घरी आल्यावर गळ्यात चिंधी असेल तर व्हॉल्व्ह चालू आहे, तुम्ही विसरलात तरी घरची बाई दारातच विचारेल. मोबाईलला अलार्म लावा ते वेगळं. मजुराचे पैसे मोबाईलवर पाठवले तर नोंद आपोआप राहते, रोख दिले तर त्याच्यासमोर वहीत लिहून सही घ्या, त्यात तुमचाही फायदा आणि त्याचाही.

प्रश्न : नंदुरबारहून एक आई. मुलगा आता १४ वर्षांचा, सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला होता, पाठीच्या मणक्यात औषध द्यायचे. आता अगदी बरा आहे, शाळाही बदलली. पण गणितात मागे, पेपर कधीच पूर्ण होत नाही, सर म्हणतात लक्ष नाही याचं.

उत्तर : ताई, सरांना त्या आजाराबद्दल माहीत आहे का? पत्रावरून वाटतंय की शाळा बदलल्यावर तुम्ही सांगितलंच नाही, मुलाला कुणी वेगळं बघू नये म्हणून. मन समजू शकतो. पण मणक्यात दिलेल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने, आणि डोक्याला शेक दिले असतील तर त्याने जास्तच, काही मुलांचा विचाराचा वेग आणि एकाग्रता कमी होते, ते पुढे अनेक वर्षांनी गणितात दिसतं कारण गणितात मधला आकडा धरून ठेवावा लागतो. पोरगं ढ नाही, हळू आहे. जिथे ट्रीटमेंट झाली तिथे जुन्या पेशंटचा फॉलोअप असतो, तिथे मानसशास्त्रज्ञाकडून सविस्तर चाचणी मागा. त्यात अध्ययन अक्षमता निघाली तर सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जास्तीचा वेळ मागता येतो, पण हे दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करून होत नाही, आठवी-नववीतच लागा. तोवर वर्गशिक्षकांना एकच विनंती करा, पुढच्या बाकावर बसवा आणि एका वेळी एकच सूचना द्या.

प्रश्न : धुळ्याहून लिहितोय. मिसेसची केमो होऊन वर्ष झालं. मी सांगितलेलं काम बरोबर विसरते, तिच्या माहेरचे कार्यक्रम मात्र सगळे लक्षात. मुद्दाम करते का? परवा दूध गॅसवर ठेवून झोपून गेली.

उत्तर : नाही भाऊ. ज्या गोष्टीत जीव अडकलेला असतो ती लक्षात राहते, ते तुमचंही तसंच आहे, उसाचे पैसे कधी येणार ती तारीख तुम्ही विसरत नसाल. तुम्ही काम सांगता तेव्हा ती स्वयंपाक करत असते, टीव्ही चालू असतो आणि तुम्ही चप्पल घालत घालत तीन कामं एकदम सांगून निघता. एक सांगा, समोर उभं राहून सांगा, आणि जमलं तर लिहून फ्रिजवर लावा. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करायची ड्युटी आजपासून तुमची.